दीडशे चौरस फुटांची पेठ

हुबळीत घर घ्यायचं ठरलं की दलाल आधी एकच गोष्ट विचारतो: गावात की लेआउटमध्ये? ‘गावात’ म्हणजे दुर्गदबैल, जवळी साळ, दाजीबान पेठ, कोप्पीकर रोड आणि फार तर स्टेशन रोडपर्यंतचा दाटीचा पट्टा. ‘लेआउट’ म्हणजे गोकुळ रोडच्या आसपास, विद्यानगरच्या पलीकडे, नवनगर-रायापूरच्या दिशेने पसरलेल्या वसाहती. तिथे तीस बाय चाळीसची साइट, आखलेले क्रॉस आणि मेन, कोपऱ्यावर बाग आणि मुख्य रस्त्याला एक शॉपिंग कॉम्प्लेक्स. त्यात खाली सुपरमार्केट, बँक, औषधांचं दुकान आणि वर जिम ही मांडणीही ठरलेली. हातात पैसे असलेला माणूस बहुधा लेआउट निवडतो आणि मग गावाबद्दल हळवं बोलतो. गावाची बाजू घेणारेसुद्धा लाकडी खांब, जुने वाडे आणि आजोबांची पेढी यांच्याच गोष्टी सांगतात. म्हणजे एका पारड्यात सोय, दुसऱ्यात आठवण. अशा तराजूत आठवण हरणारच, आणि हरावीही. आठवणींवर घरात दूध येत नाही. माझं म्हणणं असं, की ही वाटणीच मुळात चुकली आहे. पेठ निवडायची तर ती सोयीसाठी निवडावी. इतिहास हा तिच्या बाजूचा सगळ्यात लंगडा मुद्दा आहे.

लंगडा अशासाठी, की जिला आपण आज जुनी पेठ म्हणतो ती स्वतःच एके काळची नवी, आखून काढलेली वसाहत होती. मूळ गाव म्हणजे जुनी हुबळी, सिद्धारूढ मठाच्या बाजूची. सतराव्या शतकात या हुबळीचा व्यापार एवढा होता की इंग्रजांची तिथे वखार होती. १६७३ मध्ये मराठ्यांच्या फौजेने हुबळी लुटली तेव्हा त्या वखारीतला मालही गेला आणि भरपाईसाठी कंपनीने शिवाजी महाराजांकडे तगादा लावला. नवी हुबळी त्यानंतरची. सावनूरचा नबाब मजीद खान याच्या परवानगीने बसप्पा शेट्टर नावाच्या व्यापाऱ्याने १७२७ च्या सुमाराला किल्ला बांधून ती वसवली, आणि किल्ल्याच्या मोकळ्या पटांगणाचा पुढे बाजार झाला. तेच आजचं दुर्गदबैल. गावाबाहेरची मोकळी जमीन हेरायची, सरकारची मंजुरी आणायची आणि मुद्दाम बाजार वसवायचा. आज अशा माणसाला आपण बिल्डर म्हणतो. पुण्याच्या पेठाही थोड्याफार अशाच वसल्या. शेट्याला कौल द्यायचा, काही वर्षं कर माफ करायचा आणि उदमी माणसं बोलावून आणायची. तेव्हा पेठ आपोआप वाढली आणि लेआउट तेवढा कागदावर आखला, हे म्हणणं टिकत नाही. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला रेल्वे आली, सदर्न मराठा रेल्वेचा कारखाना हुबळीत निघाला आणि गाव स्टेशनाच्या दिशेने सरकलं, तेही कुणीतरी आखूनच.

मग फरक कुठे आहे? मला तो मापात दिसतो. पेठ वसवणारा जमीन वाटून मोकळा होई. त्यावर काय आणि किती बांधायचं ते ज्याचं त्याने पाहायचं. रस्त्याला तोंड सगळ्यांनाच हवं, म्हणून जागा पुढे अरुंद आणि आत खोल. जवळी साळ म्हणजे कापडवाल्यांची ओळ. तिथलं जुन्या पद्धतीचं एखादं दुकान नीट पाहावं. रुंदी एवढीच, की तीन गिऱ्हाइकांनी मांडीला मांडी लावून बसावं. पुढे पायरी, पायरीपाशी चपला, आत पांढऱ्या खोळीची गादी. मालक बसल्या जागेवरून हात वर करतो आणि फळीवरचा गठ्ठा ओढतो. एका बाजूला गुळेदगुड्डचे खण, दुसऱ्या बाजूला इरकल साड्या आणि दाराशी हँगरला लटकवलेले तयार ड्रेस. हवा तो रंग खाली नसला तर मालक मान वर करून हाक मारतो, माळ्याच्या चौकटीतून पोऱ्याचं डोकं दिसतं आणि गठ्ठा वरून थेट गादीवर पडतो. माळ्याच्या वर घर. मागच्या बोळाला दुसरं दार. दुकान, गोदाम आणि बिऱ्हाड एकाच चिंचोळ्या पट्टीत उभं केलेलं.

कर्नाटकच्या कायद्यालाही हे माप ठाऊक आहे. १९९९ चा भाडे कायदा २००१ च्या अखेरीला लागू झाला. त्याने व्यापारी जागा बहुतेक सगळ्या भाडेनियंत्रणातून बाहेर काढल्या, पण १४ चौरस मीटरपर्यंतचा गाळा आत ठेवला. म्हणजे साधारण दीडशे चौरस फूट. एवढ्या जागेत धंदा करणाऱ्याला मालकाच्या मर्जीवर सोडता येत नाही, हे कायदा करणाऱ्यांनी मान्य केलं. कॉम्प्लेक्समध्ये दीडशे फुटांचा गाळा सापडला तर तो जिन्याखालचा, झेरॉक्सवाल्याचा. बाकी सगळी इमारत बँक, शोरूम आणि सुपरमार्केट यांचा हिशेब धरून पाडलेली असते. मालक एक किंवा चार भागीदार. कित्येक महिन्यांचं भाडं ॲडव्हान्स, वर लिफ्टचा, वॉचमनचा आणि जनरेटरचा मेंटेनन्स. यात कुणाची लबाडी नाही. मोठी इमारत चालवायची तर एवढा खर्च येतोच. पण त्याचा परिणाम असा, की तिथे धंदा सुरू करायला आधी धंदा जमलेला असावा लागतो.

पेठेत नवखा माणूस कसा शिरतो ते संध्याकाळी दुर्गदबैलला दिसतं. दुकानाचं शटर खाली येतं आणि त्याच पायरीपुढे गिरमिटची गाडी लागते. चुरमुऱ्यांवर कांदा-टोमॅटोचा शिजवलेला मसाला, डाळ्याचं पीठ, शेजारी कढईत मिरची भजी. दिवसभर कापडाने कमावलेली तीच चार फूट जागा रात्री दहापर्यंत दुसऱ्याच्या घरचं भाडं कमावते. जागेचा असा दुहेरी वापर कुठल्याही आर्किटेक्टने आखलेला नाही, आणि कॉम्प्लेक्सच्या पोर्चमध्ये तो कुणी होऊही देणार नाही. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने तर पुढे जाऊन म्हटलं आहे की पन्नास वर्षांहून जास्त काळ फेरीवाले बसत आलेल्या नैसर्गिक बाजाराला वारसा बाजार म्हणून जाहीर करावं आणि तिथल्या विक्रेत्यांना हलवू नये. वारसा हा शब्द आपण मंदिरं आणि किल्ल्यांसाठी राखून ठेवतो. संसदेने तो हातगाडीला दिला, याची फारशी कुणी दखल घेतली नाही.

गिऱ्हाइकाच्या बाजूने पाहिलं तरी हेच. लग्नाचा बस्ता बांधायला कुंदगोळ, कलघटगी, नवलगुंद, अण्णिगेरीकडची माणसं हुबळीत उतरतात. दहा-बारा जणांचा घोळका, त्यात दोन म्हाताऱ्या आणि एक रडकं मूल. कापड, सोनं, कांचगार गल्लीतली भांडी, बांगड्या, बाशिंगं, पत्रिका हे सगळं पायी, एका फेरीत. एकाच मालाची पाच-दहा दुकानं ओळीने असल्यामुळे भाव करता येतो. नाही पटलं तर उठून पुढच्या पायरीवर बसायचं. म्हातारी दमली की कुठल्याही कट्ट्यावर टेकते आणि बाकीचे फिरून येतात. मॉलमध्ये एसी आहे, स्वच्छतागृह आहे, आणि ती सोय लहान नाही. पण तिथे दोन दुकानांत एकच वस्तू दोन भावांना मिळणार नाही, याची व्यवस्था मालकाने गाळे देतानाच केलेली असते.

टिकाऊपणाचं गणितही मापातूनच निघतं. हातमागाच्या कापडावर गिरणी आली, गिरणीवर यंत्रमाग, मग रेडिमेड, आता फोनवरून मागवलेले कपडे. जवळी साळ प्रत्येक वेळी थोडी बदलली, कारण तिथला निर्णय एकेका पट्टीपुरता होता. एक दुकान बुडालं तर शेजारचं तगलं. एकाने खण कमी करून कुर्ते ठेवले आणि चाललं तसं इतरांनी उचललं. कॉम्प्लेक्समध्ये सुपरमार्केटने शटर ओढलं की औषधवाल्याची वर्दळ जाते आणि मग बेकरीची. व्हिक्टर ग्रुएन या व्हिएन्नाच्या वास्तुकाराने १९५६ मध्ये अमेरिकेत मिनेसोटातल्या एडायना इथे साउथडेल नावाचा पहिला बंदिस्त, वातानुकूलित मॉल उभा केला. ग्रुएनच्या मनात मॉलभोवती घरं, शाळा, दवाखाने, तळं असं सगळं गाव होतं. मॉल झाला, भोवती वाहनतळ झाला, गाव राहून गेलं. पुढे त्याने या साऱ्या प्रकाराशी नातं तोडलं आणि तो व्हिएन्नाला परतला. जेन जेकब्ज या बाईंनी १९६१ च्या आपल्या पुस्तकात दुसऱ्या टोकाने तेच सांगितलं: नव्या उद्योगाला जुनी इमारत लागते, कारण जुन्या इमारतीचं कर्ज फिटलेलं असतं आणि भाडं झेपतं. धारवाडच्या लाइन बझारात हे चाखूनही पाहता येतं. भौगोलिक मानांकन मिळालेला धारवाडी पेढा मोठा झाला तो उन्नावहून आलेल्या ठाकूर घराण्याच्या लहानशा दुकानातून, एकाच पदार्थावर. एकाच पदार्थावर चालणारं दुकान कॉम्प्लेक्सचं भाडं कसं भरेल?

आता उलट बाजू. पहिला आक्षेप गर्दीचा आणि पार्किंगचा, आणि तो मला फारसा हलवत नाही. दुर्गदबैलला गाडी लावायला जागा नाही हे खरं, पण जागा केली तर दुर्गदबैल उरणार नाही. सीबीटी या शहर बस स्थानकापासून बाजार चालत काही मिनिटांवर आहे, आणि धारवाड-नवनगरकडून येणाऱ्यासाठी २०२० मध्ये रीतसर उद्घाटन झालेल्या बीआरटीएसच्या चिगरी बसेस आहेत. गाडी दुकानाच्या दारात लागलीच पाहिजे हा हट्ट गेल्या वीस-पंचवीस वर्षांतला आहे.

दुसरा आक्षेप पाण्याचा, आणि तो खरा आहे. हुबळी-धारवाडला मलप्रभेचं आणि नीरसागरचं पाणी मिळतं, पण बऱ्याच वस्त्यांत नळ कित्येक दिवसांआड येतो. जुन्या घरात टाकीला जागा नाही, माडीवर पाणी चढत नाही, सांडपाण्याची गटारं शेजाऱ्याच्या भिंतीखालून गेलेली. लाकडी जिना सत्तरीच्या माणसाला परवडत नाही आणि बोळात अग्निशामक गाडी शिरत नाही. याच शहरात २००८ च्या सुमाराला काही वॉर्डांत, सुमारे दहा टक्के लोकसंख्येला, चोवीस तास पाणी देण्याचा प्रयोग झाला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या संशोधकांनी पुढे या वॉर्डांची उरलेल्या वॉर्डांशी तुलना केली. चोवीस तास पाणी असलेल्या भागात नळाचं पाणी कमी दूषित निघालं, टायफॉइड कमी आढळला आणि गरीब घरांत रक्ताच्या हगवणीचं प्रमाणही उतरलेलं दिसलं. यातून मी एवढंच घेतो, की पाणी हा नळाचा आणि दाबाचा प्रश्न आहे. नव्या साइटवरही नळ नसेल तर टँकरच येतो. पण ज्या घरात आज म्हातारं माणूस आहे त्याला ‘पाइप बदलला की सगळं ठीक होईल’ असं सांगून पेठेत नेणं निर्दयपणाचं आहे, हेही मान्य करायला हवं.

तिसरा आक्षेप सगळ्यात जड. पेठेच्या कौतुकात आपण सोयीस्करपणे विसरतो की तिच्या ओणी आणि गल्ल्या जातीजातींनी वाटलेल्या आहेत. मराठा गल्ली, गोल्लर ओणी, मुल्ला ओणी ही नावं नकाशावरही तशीच आहेत, आणि माडीवरचं बिऱ्हाड भाड्याने देताना आडनाव अजून आधी विचारलं जातं. शिवाय राजकारण पेटलं की पहिली झळ गावाला. ईदगाह मैदान चन्नम्मा सर्कलच्या लगत आहे. १५ ऑगस्ट १९९४ ला तिथे झेंडा फडकवण्यावरून झालेल्या संघर्षात पोलिसांच्या गोळीबारात माणसं मेली. अशा दिवसांत पेठेतली शटरं सगळ्यांच्या आधी पडतात, आणि सणाच्या तोंडावर चार दिवस बंद राहणं लहान दुकानदाराला वर्षभर पुरतं. लेआउटमध्ये हे कमी आहे, हे नाकारून चालणार नाही. मात्र लेआउट निर्दोष आहे असंही नाही. ‘फक्त शाकाहारी कुटुंबासाठी’ ही पाटी तिथेही लागते, आणि जातीच्या सोसायट्यांनी काढलेले लेआउट काही थोडे नाहीत. फरक एवढा, की पेठेत जी जात घरात विचारली जाते ती दुकानात विसरावी लागते. सराफाचा कारागीर, गाडी लावणारा, हमाल आणि गिऱ्हाईक यांना एकमेकांवाचून तिथे चालत नाही. हे प्रेम नव्हे, आणि त्याला प्रेम म्हणण्याचा भाबडेपणा मी करणार नाही. एवढं रोजचं अवलंबून असणं कॉम्प्लेक्सच्या आवारात मात्र घडत नाही.

आणखी एक गोष्ट गावाच्या विरुद्ध पुरावा म्हणून नेहमी सांगितली जाते: पेठेतले शेठ स्वतःच विद्यानगरला, केश्वापूरला राहायला गेले. गेले खरे. पण दुकान नेलं नाही. रोज सकाळी स्कूटर काढून ते खाली येतात आणि गादीवर बसतात. ज्याला दोन्हीकडचे भाव माहीत आहेत तो माणूस झोपायला एक जागा निवडतो आणि कमवायला दुसरी, ही साक्ष मला महत्त्वाची वाटते. वरच्या माड्या त्यामुळे ओस पडल्या, गोदामं झाल्या, आणि रात्री दहानंतर पेठेत जाग राहत नाही हे पेठेचं खरं दुखणं आहे. त्यावर उपाय म्हणून जे केलं जातं ते उलट्या दिशेचं. २०१६ मध्ये हुबळी-धारवाडचं नाव स्मार्ट सिटीच्या यादीत आलं आणि त्या योजनेत जनता बाजार नव्याने बांधायला घेतला गेला. बाजार स्वच्छ व्हावा, डोक्यावर छप्पर असावं, यात वावगं काही नाही. पण मंडईला इमारत केलं की भाजीवालीला गाळा क्रमांक मिळतो आणि तिचं गिऱ्हाईक रस्त्यावरच राहतं. टोपली घेऊन जिना चढणारी बाई आणि पिशवी घेऊन जिना चढणारं गिऱ्हाईक, दोघंही सारखीच दुर्मीळ. पेठेतच कॉम्प्लेक्स शिरलं की निवडायला काही उरत नाही.

उलटं होऊ शकतं, लेआउटची पेठ होऊ शकते, हे कोल्हापूरच्या माणसाला सांगावं लागणार नाही. राजारामपुरी संस्थानी काळात आखलेली, गल्ल्यांना नुसते आकडे, तरी आज तिच्या मुख्य रस्त्याला बाजार आहे, कारण लहान जागांच्या मालकांना खाली दुकान काढता आलं. हुबळीतलं देशपांडे नगर, जिथे गंगूबाई हनगल राहिल्या, तेही आखलेलंच. आज ते गावातच मोडतं. म्हणून माझा रोख नव्या वसाहतींवर नाही, त्यांच्या नियमांवर आहे. आराखड्यात घरांच्या साइट घरांसाठी राखायच्या आणि व्यापारासाठी कोपऱ्यात एकच मोठा भूखंड सोडायचा, की तो लिलावात जातो तो कॉम्प्लेक्सवाल्याकडेच. त्याऐवजी मुख्य रस्त्यालगतच्या प्रत्येक साइटवर, तळमजल्याला, दीडशे फुटांपर्यंतचा गाळा विनाकटकट काढू द्यावा. शिंपी बसेल, सायकल दुरुस्तीवाला बसेल, ज्वारीच्या भाकरी विकणारी बसेल, एखादा गाळा रिकामाही राहील. आवाजाची आणि वासाची तक्रार येईल. ती पेठेत तीनशे वर्षं येते आहे. १९६२ पासून एकत्र असलेल्या या जोडशहरातून धारवाडसाठी वेगळी महापालिका करायला राज्य मंत्रिमंडळाने जानेवारी २०२५ मध्ये मान्यता दिली आहे. नियम नव्याने लिहायची संधी तिथे आधी येईल. आज हुबळीत घर घेणाऱ्याला मात्र मी सांगेन: घरात सगळे धडधाकट असतील आणि नळाला दोन-तीन दिवसांआड तरी पाणी असेल तर जवळी साळेतली माडी पाहा, ती बहुधा रिकामीच असेल. लेआउटच घ्यायचा असेल तर साइटच्या आधी आराखडा मागा आणि व्यापारी भूखंड एक आहे की अनेक, ते दलालाकडून बोट ठेवून दाखवून घ्या.